पक्कड खाली ठेवा

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रं छतावरच्या सोलरची आहेत आणि तक्रार एकच: एमसीफोर कनेक्टर वितळला. कुणी कनेक्टरच्या कंपनीला दोष देतो, कुणी उन्हाला. सोबतचे फोटो आम्ही भिंग लावून पाहिले. पिन चपटी, शिवण उघडलेली, दोन-चार तारा बाहेर. हे काम पकडीचं आहे.

पकडीने दाबलेली पिन ओढली तरी कधीकधी निघत नाही, तिथेच आपण फसतो. तारांमध्ये पोकळी राहते, हवा शिरते, ऑक्साइड चढतं. स्ट्रिंगमधून 10 अँपिअर वाहत असताना सांध्यात अर्धा ओहम आला, की 50 वॉट उष्णता तिथल्या तिथे. 25 वॉटच्या दोन सोल्डरिंग आयर्न त्या इवल्याशा प्लास्टिकमध्ये कोंडल्यासारखं. करंट वाढत नाही, म्हणून फ्यूजला पत्ता लागत नाही.

तपासणीला येणारे साहेब मेगरचं रीडिंग मागतात, अर्थिंगचं मागतात, ग्राहकाला पॅनेलशेजारी उभं करून अक्षांश-रेखांशासह फोटो मागतात. मागावेत. पण मेगर इन्सुलेशन बघतो, सैल क्रिम्प त्याला दिसतच नाही! सांधा कशाने दाबला, हा रकाना आमच्या हाती आलेल्या एकाही अहवालात नाही. एका सभासदाने क्रिम्पचे कापलेले नमुने स्वतःहून अहवालाला जोडले, तर ‘विहित नमुन्यात नाही’ असा शेरा मारून ते परत पाठवले गेले. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट एक कोटी घरांचं, अनुदान घरामागे 78,000 रुपयांपर्यंत. त्या कोटी छतांवरचे सांधे कुणी बघायचे?

आपलेही हात स्वच्छ नाहीत. दरवर्षी नवी ड्रिल मशीन घेणारे ठेकेदार पोराला छतावर पाठवताना हातात पक्कडच देतात. क्रिम्पिंगचं रॅचेट टूल मात्र पूर्ण दाब बसल्याशिवाय उघडत नाही. माणूस थकला, घाईत असला तरी ते सवलत देत नाही. थिंबल हातोडीने ठोकणाऱ्यांबद्दल तर काय लिहावं!

बांधवांनो, पुढच्या कामाआधी एवढं कराच. 4 चौरस मिलिमीटरच्या तारेला 4चीच डाय लावा. पहिला क्रिम्प करवतीने आडवा कापून बघा. तारा एकसंध दिसल्या नाहीत तर टूल बाजूला ठेवा. जुन्या कामांवर भर दुपारी थर्मल कॅमेरा घेऊन एक फेरी मारा. आणि अहवालात क्रिम्पचा रकाना हवा, असं लेखी निवेदन प्रत्येक तालुक्यातून द्या. पोच घ्यायला विसरू नका.