घरगुती विज्ञान : मोटरीची परतफेड

हौसेनें यंत्रें जुळविणाऱ्या तरुणांस हा अनुभव अपरिचित नसावा : २४ व्होल्टचा दाब उतरवून लहान मोटरीस वीज देणारा बक कन्व्हर्टर मोटर चालू असतां निर्धास्त असतो, आणि ती मंद करूं जातांच जळतो. असें कां व्हावें?

फिरती मोटर म्हणजे जनित्रच होय. आपण दाब एकदम कमी केला तरी चाकाची गति तत्काळ ओसरत नाहीं. मोटरीचा स्वतःचा दाब वरचढ ठरून प्रवाह उलटतो. ज्या कन्व्हर्टरांत खालच्या डायोडच्या जागीं मॉस्फेट असतो, तो अशा वेळीं दाब उतरविण्याऐवजीं चढवूं लागतो व ऊर्जा पुरवठ्याकडे लोटतो. तेथें बॅटरी असल्यास ती ही ऊर्जा पोटांत घेते. साधा ॲडॉप्टर घेत नाहीं. मग सारा भार कपॅसिटरवर. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरांत २४ व्होल्टला अवघी ०.२९ जूल ऊर्जा असते. तींत चाकाकडून २ जूल आल्यास दाब सुमारें ६८ व्होल्टवर जातो!

मोटरीच्या टोकांशीं जोडलेला उलटा डायोड येथें उपयोगी नाहीं. त्याचें काम निराळें. कन्व्हर्टर व मोटर यांमध्यें शॉट्की डायोड एकेरी दरवाजाप्रमाणें बसवावा. थोडा दाब खर्ची पडतो, व मोटर आपल्या गतीनें थांबते. ती त्वरित थांबवावयाची असल्यास, दाब मर्यादेबाहेर चढतांच ऊर्जा जाळणारा रेझिस्टर पुरवठ्याच्या बाजूस योजावा. सर्वांत स्वस्त उपाय मात्र वेग हळूहळू उतरविण्याचा!