आकाशात मोफत, लॅपटॉपवर विकत

मराठवाड्यातील हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, दूरवरच्या अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या 'लायगो-इंडिया' या वेधशाळेसाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. याच जिल्ह्यावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील 'जीसॅट-१५' या उपग्रहाकडून दूरचित्रवाणीचे संकेत अहोरात्र पोहोचत असतात. ते टिपण्यासाठी वेधशाळा लागत नाही. छपरावरची लहानशी छत्री पुरते. मात्र तोच कार्यक्रम लॅपटॉपवर थेट पाहायचा म्हटले की इंटरनेटचा डेटा विकत घ्यावा लागतो. आकाशातून मोफत येणारी गोष्ट एका पडद्यावर फुकट आणि दुसऱ्यावर विकत का, हा प्रश्न तंत्रज्ञानापेक्षा धोरणाचा अधिक आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार असून त्यातील सुमारे ८५ टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. अशा जिल्ह्यांसाठीच डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' ही सेवा ३३ वाहिन्यांसह सुरू झाली. पुढे तीच 'डीडी फ्री डिश' झाली. छत्री आणि सेट टॉप बॉक्स एकदा घेतला की मासिक वर्गणी नाही, हे तिच्या यशाचे साधे कारण. आज देशातील ४ कोटींहून अधिक घरांत ती पोहोचल्याचे सांगितले जाते. दूरदर्शनची जमिनीवरील बहुतेक जुनी प्रक्षेपण केंद्रे मार्च २०२२ पर्यंत बंद करण्यात आली. त्यामुळे साध्या अँटेनावर दूरदर्शन पाहण्याचा मार्ग जवळपास मिटला आणि ग्रामीण प्रेक्षकासाठी छत्री हाच आधार उरला.

लॅपटॉपवर थेट दूरचित्रवाणी पाहण्याचे मार्ग दोन. पहिला उपग्रहाचा. छत्रीवरील एलएनबी हा भाग उपग्रहाकडून येणाऱ्या अतिउच्च कंप्रतेच्या लहरी केबलमधून नेण्याजोग्या कंप्रतेवर आणतो. ती केबल यूएसबी ट्यूनरला आणि ट्यूनर लॅपटॉपला जोडला, की कूटबद्ध नसलेल्या वाहिन्या योग्य सॉफ्टवेअरच्या मदतीने पडद्यावर दिसू लागतात. एलएनबीला १३ ते १८ व्होल्टचा पुरवठा लागतो आणि यूएसबीतून मिळतात पाचच व्होल्ट. म्हणून अशा ट्यूनरला सहसा वेगळा अ‍ॅडाप्टर जोडावा लागतो. गैरसोय असलीच तर एवढीच, आणि जोराच्या पावसात संकेत क्षीण होण्याची. डेटाचा खर्च मात्र शून्य.

दुसरा मार्ग इंटरनेटचा, आणि आज जवळपास सर्वजण तोच वापरतात. त्याचे गणित वेगळे आहे. उपग्रह एकच संकेत पाठवतो. तो दहा जणांनी पाहिला काय किंवा दहा लाखांनी, खर्च बदलत नाही. इंटरनेटवर मात्र साधारणपणे प्रत्येक प्रेक्षकासाठी स्वतंत्र प्रवाह सोडावा लागतो. चांगल्या दर्जाच्या चित्रासाठी तासाला एक ते दोन जीबी डेटा सहज खर्च होतो. मोबाइलच्या जोडणीवर लॅपटॉप चालवणाऱ्या घराचा दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा एक ट्वेंटी-२० सामना संपण्याआधीच संपतो.

क्रिकेटच्या बाबतीत ही विसंगती अधिक ठळक होते. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचे प्रक्षेपण प्रसार भारतीला देण्याचे बंधन २००७ च्या कायद्याने खासगी वाहिन्यांवर घातले. परंतु हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या जमिनीवरील जाळ्यापुरते आणि फ्री डिशपुरतेच मर्यादित राहील, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१७ मध्ये दिला. खासगी कंपन्यांनी मोजलेल्या किमतीचा विचार करता तो समजण्याजोगा आहे. पण जमिनीवरील जाळे आवरल्यानंतर त्याचा व्यावहारिक अर्थ असा, की सामना मोफत पाहण्याचा हक्क छत्रीला बांधलेला आहे. छत्रीशी न जोडता येणाऱ्या पडद्याला तो हक्क नाही.

करमणुकीपेक्षा मोठा प्रश्न शिक्षणाचा. करोनाकाळात शाळा बंद असताना जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली, कारण ऑनलाइन वर्ग प्रत्येक घरापर्यंत पोहोचत नव्हते. त्याच वर्षी केंद्राने 'एक वर्ग, एक वाहिनी' या तत्त्वावर १२ वाहिन्यांची योजना आखली. २०२२ च्या अर्थसंकल्पात ती २०० वाहिन्यांपर्यंत नेण्याची घोषणा झाली. हे धडे उपग्रहावरून मोफत येतात. मात्र ज्या शाळेत संगणक आहे पण दूरचित्रवाणी संच नाही, तिथे ते पाहण्यासाठी पुन्हा इंटरनेटच शोधावे लागते.

यावर एक आक्षेप घेता येईल. तरुण प्रेक्षक वेळापत्रकाने कार्यक्रम पाहत नाही. त्याला हवे तेव्हा हवे ते लागते, आणि ते इंटरनेटच देऊ शकते. प्रसार भारतीनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये 'वेव्हज' हे स्वतःचे अ‍ॅप आणून ही दिशा मान्य केली आहे. आक्षेपात तथ्य आहे. परंतु थेट सामना, निवडणुकीचे निकाल, अतिवृष्टीचा इशारा या गोष्टी सर्वांनी एकाच वेळी पाहायच्या असतात. नेमक्या तेव्हाच इंटरनेटवर ताण येतो आणि उपग्रहाला तो जाणवतही नाही.

या दिशेने एक पाऊल पडले आहे. उपग्रह ट्यूनर अंतर्भूत असलेल्या दूरचित्रवाणी संचांसाठी भारतीय मानक ब्युरोने 'आयएस १८११२ : २०२२' हे मानक प्रसिद्ध केले. असा संच सेट टॉप बॉक्सशिवाय थेट छत्रीला जोडता येतो. पण हा विचार दूरचित्रवाणी संचापाशी थांबतो. स्वस्त यूएसबी ट्यूनरसाठी असेच मानक ठरवणे, शाळांच्या संगणक खरेदीत त्याचा समावेश करणे आणि शैक्षणिक वाहिन्या कायम कूटमुक्त ठेवणे, या तीन गोष्टींना नव्या उपग्रहाची गरज नाही. उपग्रह, वाहिन्या आणि धडे यांवरचा खर्च जनतेच्या पैशातून होतच आहे. हिंगोलीच्या विद्यार्थ्याकडून त्याच धड्यासाठी डेटाचे पैसे पुन्हा वसूल व्हावेत, याचे समर्थन करणे कठीण आहे.