गरीब कोण?

दिवाळीच्या साफसफाईत रद्दी निघाली, की आमच्या घरी काम थांबते आणि वाचन सुरू होते. आमचे गोंदिया पडले सीमेवरचे गाव. मराठीबरोबर हिंदी वर्तमानपत्रही घरात येतेच. नातवाने त्यातला मथळा वाचला, ‘अजीबोगरीब घटना’, आणि विचारले, "आजोबा, अजीब समजले. पण ह्यात गरीब कोण?"

शब्द अरबी आहे, आणि त्याचा मूळ अर्थ दरिद्री नव्हेच. घरापासून दूर गेलेला, परका, तो गरीब. सूर्य मावळून जातो त्या दिशेचे अरबी नाव ह्याच धातूतले. सूर्यास्ताची मगरिबची नमाज, तिचेही कूळ हेच. परका म्हणून अनोळखी, अनोळखी म्हणून विचित्र! नातवाच्या मथळ्यात हा विचित्रच बसला होता. आता परक्या मुलखात ना भाऊबंद, ना शेतवाडी, ना बाजारात पत. तेव्हा परक्याचा कंगाल व्हायला कितीसा वेळ लागणार? अजमेरच्या ख्वाजांना गरीबनवाज म्हणतात, त्यात दोघांनाही जागा आहे.

मराठीने तर हे विशेषण स्वभावाला लावले. सोयरिकीत "मुलगी गरीब आहे हो" म्हणतात, तेव्हा बापाच्या मिळकतीशी संबंध नसतो. बाजारात "बैल गरीब आहे" म्हटले, की तो मारका नाही असे समजावे आणि चार पैसे जास्त मोजावे. गरिबीने भाव वाढलेला प्राणी मला तरी हा एकच ठाऊक! पुढे ‘गरीब गाय, पोटात पाय’ म्हणून त्या गरिबीचाही आपण संशय घेतलाच. इंग्रजांच्या ‘सिली’चे असेच झाले. मूळचा धन्य, भाग्यवान. मग भोळा, मग दुबळा, शेवटी मूर्ख.

हे सांगता सांगता मला २०२० चा मे महिना आठवला. टाळेबंदीत मी मुलीकडे देवरीला अडकलो होतो. महामार्गाने छत्तीसगडकडे माणसे पायी चालली होती. पाठीवर लेकरू घेतलेला एकजण फाटकाशी पाणी मागत उभा राहिला. मी आतूनच विचारले, "कहाँ से आये हो?" "पुणे से, बाबूजी." मी दोन पावले मागे सरलो, तो पुढल्या दाराकडे जाईपर्यंत. मग पाण्याची बाटली फाटकावर नेऊन ठेवली. ती संध्याकाळपर्यंत तशीच होती.

"गरीब होता बिचारा," मी नातवाला म्हणालो.

"कोणत्या अर्थाने, आजोबा?"

मी रद्दी बांधायला घेतली.