वसईच्या मोहिमेचा हा काठ

मे महिना आला की वसईच्या किल्ल्यात पेशवे बाजीरावांचे धाकटे भाऊ चिमाजी अप्पा यांच्या पोर्तुगिजांवरील विजयाचे स्मरण होते आणि ते व्हायलाच हवे. पण वसई खाडीच्या दक्षिणेला असलेल्या मीरा-भाईंदरला हा विजय आजही शेजारच्या गावचा वाटतो. घोडबंदरचा किल्ला आमच्या महापालिकेच्या हद्दीत आहे, चौकजवळचा धारावीचा किल्लाही आमच्याच हद्दीत आहे, आणि या दोन ठिकाणांवाचून वसई पडली नसती. चिमाजी अप्पांना आपण तलवार उपसलेला वीर म्हणून ओळखतो. माझ्या मते त्यांची खरी थोरवी सरहद्द हाताळणाऱ्या सेनापतीची आहे. शत्रूची रसद कुठून येते, कोणत्या गावातली कोणती माणसे आपल्याला मिळतील आणि जिंकल्यानंतर हरलेल्यांशी कसे वागायचे, या तिन्ही प्रश्नांचा त्यांनी एकत्र विचार केला. तो विचार समजायचा असेल तर मोहीम आमच्या काठावरून पाहावी लागते.

नकाशा समोर ठेवला की गोष्ट चटकन उलगडते. वसईचा किल्ला तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला. समुद्रावर पोर्तुगीज गलबतांचा वचक, आणि किल्ल्याचा साष्टी बेटाशी आणि तिथल्या ठाण्याशी संबंध या खाडीवाटे. अशा किल्ल्यावर थेट चालून जाणे म्हणजे माणसे वाया घालवणे. म्हणून १७३७ च्या मार्चअखेरीस पहिला घाव साष्टीवर पडला. ठाण्याच्या कोटाचे बांधकाम तेव्हा पुरे झालेले नव्हते. तो हाती आला, पाठोपाठ घोडबंदर आले, आणि उल्हास नदी वळण घेऊन खाडीला मिळते तिथला पहारा मराठ्यांचा झाला. खाडीच्या तोंडाशी, वसईच्या जवळजवळ समोर, राहिली धारावी. मुंबईतल्या धारावीशी हिचा काही संबंध नाही. या डोंगरावर तोफा चढल्या की खाडीत शिरणारे तारू माऱ्यात येणार, हे दोन्ही बाजू ओळखून होत्या. मराठ्यांनी ती घेतली, पोर्तुगिजांनी परत हिसकावली, आणि वसईला शेवटचा फास बसण्याआधी १७३९ मध्ये ती पुन्हा मराठ्यांकडे आली. ठाणे परत घेण्याचा पोर्तुगिजांचा प्रयत्नही १७३८ मध्ये फसला होता. दोन वर्षे चाललेल्या या झटापटीला शाळेच्या पुस्तकात एखादी ओळ मिळते आणि सगळे वर्णन शेवटच्या हल्ल्यावर खर्ची पडते.

यावर कोणी म्हणेल, हे श्रेय एकट्या चिमाजी अप्पांचे कसे? ते नाहीच. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी आणि त्यांच्या भावांनी या मुलखाची खडान्‌खडा माहिती पुरवली. मालाडच्या अंताजी रघुनाथ कावळ्यांसारख्या वतनदारांनी पोर्तुगीज राजवटीतल्या धार्मिक जाचाची कैफियत पुण्यापर्यंत नेली. अप्पा पुण्याला परतल्यावर शंकराजी केशव फडक्यांनी मोहिमेचा भार वाहिला. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर पडले. पण इतक्या माणसांना एका कामाला जुंपणे, त्यांच्या तक्रारी ऐकणे आणि दोन पावसाळे उलटले तरी मोहीम न सोडणे, हेच तर सेनापतीचे काम. नादिरशहा दिल्लीत येऊन बसला होता, उत्तरेची काळजी बाजीरावांना खात होती आणि वसईचे काम लवकर आटपावे म्हणून पुण्याचा तगादा होता. तरी अप्पा वेढा उठवून निघाले नाहीत.

अखेरचा हल्ला मेच्या पहिल्या आठवड्यात झाला. बुरुजांखाली सुरुंग भरले होते. काही वेळेवर उडाले, तट ढासळला, माणसे खिंडाराकडे धावली आणि मागे राहिलेला सुरुंग उशिरा उडून आपल्याच माणसांवर कोसळला. पुन्हा जमवाजमव करून पुन्हा हल्ला चढवावा लागला. मराठ्यांची हानी पोर्तुगिजांच्या कितीतरी पट होती. इतके रक्त सांडल्यावर किल्ला हाती येतो, तेव्हा सूड घेणे सोपे असते आणि त्या काळात ते नवलाचेही नव्हते. अप्पांनी मात्र तहाची कलमे मान्य केली. शिबंदीने शस्त्रांसह, बायकामुलांसह आणि जंगम मालमत्तेसह बाहेर पडावे, त्यासाठी मुदत मिळेल, आणि जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळता येईल. ठरल्याप्रमाणे त्याच महिन्यात पोर्तुगीज किल्ला सोडून गेले. अप्पांच्या औदार्याच्या ज्या दंतकथा आपण मुलांना सांगतो, त्यांना पुरावा शोधत बसावे लागते. हा तह कागदावर आहे आणि कोणत्याही दंतकथेपेक्षा मोठा आहे.

याला सर्वांत गंभीर हरकत चर्चच्या घंटांची आहे. वसई भागातल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, हे खरे आहे. नाशिकची नारोशंकराची घंटा आणि वाईजवळच्या मेणवलीची घंटा आजही पाहता येतात. साष्टीतल्या अनेक चर्चची आणि मठांची पडझड झाली, युरोपीय पाद्री निघून गेले. हे झाकून ठेवून सहिष्णुतेचे गोडवे गाणे मला मान्य नाही. तरीही त्याच काळाची दुसरी बाजू उत्तन, पाली, चौक, डोंगरीच्या वस्त्यांत दिसते. परदेशी पाद्री गेले तेव्हा स्थानिक धर्मगुरूंनी कारभार सांभाळला, उपासना चालू राहिली, ख्रिस्ती कोळ्यांची जाळी याच किनाऱ्यावर वाळत राहिली. आज हा समाज स्वतःची मराठी बोली बोलतो. विजयाचा वारसा हा समाज वगळून सांगता येणार नाही. तसा सांगणारे तहाची कलमे विसरतात.

दुसरी हरकत अशी की जिंकलेले टिकले किती? १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणे घेतले आणि साष्टी गेली. १७३९ च्या विजयानंतर अवघी पस्तीस वर्षे. इथे चीनच्या हान साम्राज्याच्या बान चाओ या सेनापतीचे उदाहरण उपयोगी पडते. इसवी सन ७३ पासून तीसेक वर्षे त्याने पश्चिम सीमेवरची राज्ये मोजक्या माणसांनिशी आणि स्थानिक राजांच्या फौजांच्या बळावर राखली. निघताना त्याने उत्तराधिकाऱ्याला बजावले की लहानसहान चुकांकडे काणाडोळा कर, फार कडक होऊ नकोस. ते ऐकले गेले नाही आणि इसवी सन १०७ मध्ये साम्राज्याला तिथून माघार घ्यावी लागली. सरहद्दीचा सेनापती पाया घालून देतो, पुढची निगा राज्याने राखायची असते. अप्पा १७४० च्या डिसेंबरात गेले, बाजीरावांच्या पाठोपाठ त्याच वर्षी. पुढे १७५६ मध्ये पेशव्यांनीच इंग्रजांच्या मदतीने तुळाजी आंग्र्यांचे आरमार बुडवले आणि पश्चिम किनारा उघडा पडला. पेशवे नारायणरावांच्या खुनानंतर पुण्यात घरभेद माजला, तेव्हा मुंबईकर इंग्रजांनी डाव साधला. हा दोष चिमाजी अप्पांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे.

म्हणून महापालिकेकडे माझी मागणी साधी आहे. घोडबंदर आणि धारावी ही दोन ठिकाणे एकाच मोहिमेची म्हणून जोडून दाखवा. दोन्हीकडे खाडीचा नकाशा लावा, वसई, ठाणे आणि घोडबंदर यांची दिशा त्यावर असू द्या. १७३९ च्या तहाची कलमे सोप्या मराठीत तिथे लिहा. फलकाचा मजकूर ठरवताना पेशवे दफ्तराच्या अभ्यासकांबरोबर पोर्तुगीज कागद वाचणारेही बोलवा, आणि उत्तन-डोंगरीच्या ख्रिस्ती समाजातली जाणती माणसेही. हे काम रंगरंगोटी आणि दिव्यांच्या माळांच्या आधी व्हावे.