बेटे ग्रीसची आणि बेट पळसदेवचे

उन्हाळी सुटीतील सहलीला ‘देशाबाहेर’ गेल्याखेरीज प्रतिष्ठा नाही, अशी एक समजूत आपल्या मध्यमवर्गात रुजली आहे. पुण्या-मुंबईतील नोकरदारांप्रमाणेच आता बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यातील सुस्थित घरेही ग्रीसच्या बेटांची स्वप्ने पाहू लागली आहेत. सँटोरिनीची पांढरीशुभ्र घरे, निळा समुद्र आणि सूर्यास्त यांची मोहिनी खोटी नाही. जग पाहण्यास कोणाचाही विरोध असण्याचे कारण नाही. ‘परदेश’ हा शब्द उच्चारताच नाक मुरडणे हे हिंदू मनाचे लक्षण नव्हे. प्रश्न इतकाच आहे की, तेथे जाऊन आपण काय पाहतो आणि काय शिकून परततो?

डेलॉस नावाच्या ग्रीक बेटाचे उदाहरण घ्यावे. अपोलो या देवतेचे जन्मस्थान म्हणून ते प्राचीन काळी पवित्र मानले जाई. अपोलोची पूजा थांबून दीड हजार वर्षे लोटली. तरी आजही त्या बेटावर पर्यटकाला मुक्काम करता येत नाही. दिवसा नावेने जावे, भग्नावशेष पाहावेत आणि सायंकाळपूर्वी परतावे, असा तेथील शिरस्ता आहे. ज्या देवाला आज भक्त उरलेला नाही, त्याच्या दगडांची एवढी निगा! लॉर्ड एल्गिनने नेलेली आणि १८१६ मध्ये ब्रिटिश सरकारने विकत घेऊन ब्रिटिश म्युझियमकडे सोपवलेली पार्थेनॉनची शिल्पे परत मिळावीत, म्हणून हा छोटासा देश आजही बलाढ्य ब्रिटनशी भांडतो आहे.

आता आपल्या अंगणाकडे वळू. पुण्याहून सोलापूरकडे जाताना भिगवण ओलांडले की डाव्या हाताला भीमेचे अथांग पाणी सोबत करू लागते. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या आणि सुमारे ११७ टीएमसी क्षमतेच्या उजनी धरणाचा, अर्थात यशवंतसागराचा हा फुगवटा. त्याच्या पोटात इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव आहे. गावकरी उठून नव्या वस्तीत गेले, पळसनाथासाठी त्यांनी नवे मंदिरही उभारले. मात्र प्राचीन पळसनाथ मंदिर जागीच राहिले. भर पाणीसाठ्यात शिखराचा भाग तेवढा डोके वर काढतो. पाणी ओसरले की मंदिर, भोवतीचे वीरगळ आणि सतीशिळा उघड्या पडतात. २०२४ च्या कडक उन्हाळ्यात धरण तळाला गेले, तेव्हा ते पाहण्यास माणसांची रीघ लागली होती. दुष्काळ पडला तरच ज्याचे पूर्ण दर्शन घडते असे हे बेट. त्याचा आनंद मानावा की खेद?

धरण नको होते, असे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल. या पाण्यावर लाखो शेतकऱ्यांची चूल पेटते. परंतु विकास आणि वारसा यांत एकाचा बळी द्यावाच लागतो, हे मात्र खरे नाही. आंध्रात नागार्जुनसागर बांधताना बुडणारी नागार्जुनकोंडा येथील प्राचीन स्मारके उचलून उंचावर पुन्हा उभारण्यात आली. आज जलाशयातील त्या बेटावर संग्रहालय आहे आणि यात्रिक नावेने तेथे जातात. श्रीशैलम धरणाच्या पाण्याखाली जाणारे कूडवेल्लीचे संगमेश्वर मंदिरही अलंपूरला हलविले गेले. जे कृष्णाकाठी जमले, ते भीमाकाठी का जमू नये? पाण्याच्या दर चढउताराबरोबर विटा-दगड निखळत आहेत. निदान दर उन्हाळ्यात मंदिराचे मोजमाप व छायाचित्रण व्हावे, निखळलेले अवशेष काठावर सुरक्षित ठेवावेत आणि मजबुतीकरणाविषयी तज्ज्ञांनी निर्णय द्यावा, एवढी मागणी तरी समाजाने लावून धरली पाहिजे.

आणि सहलीसाठी या परिसरात काय नाही? कुंभारगावच्या काठावरून पहाटे नाव सोडली की रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दिसतात. हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब हिवाळ्यात येथे उतरतात. पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणारी तेथील तरुण मुले आता पक्ष्यांची नावे सांगत वाटाड्याचे काम करतात. नीरा आणि भीमा यांच्या संगमावर नीरा नरसिंहपूर आहे. लक्ष्मी-नृसिंहाच्या घाटावर उभे राहिले की दोन्ही बाजूंनी येणारे पाणी पाहून आपण बेटावरच असल्याचा भास होतो. बारामतीत कऱ्हेच्या काठी १७१८ मध्ये श्रीधरस्वामींनी ‘शिवलीलामृत’ पूर्ण केले आणि याच गावी मोरोपंतांची आर्या बहरली. मोरगावचा मयूरेश्वर बारामती तालुक्यातच आहे. आषाढात तुकोबारायांची पालखी येथून जाते, तेव्हा बेलवाडीचे गोल रिंगण मुलांना एकदा तरी दाखवावे.

येथे एक इशाराही आवश्यक आहे. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली नाव वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा बळी गेला. जीवरक्षक जाकिटाविना नावेत बसणे ही बहादुरी नव्हे. वारा सुटला की नाव सोडू नये, हे नावाड्याला ठामपणे सांगितले पाहिजे. तसेच गर्दीचा मोहही आवरावा. सँटोरिनीसारख्या बेटावर बोटींतून उतरणाऱ्या प्रवाशांची दैनिक मर्यादा ठरविण्याची आणि २०२५ पासून कर बसविण्याची पाळी ग्रीसवर आली. पक्ष्यांच्या थव्यात नाव घुसवणारे आणि मंदिराच्या शिखरावर चढून छायाचित्रे काढणारे हौशी पर्यटक वाढले, तर उद्या भिगवण व पळसदेवची दुर्दशा होण्यास वेळ लागणार नाही.

ज्यांना ग्रीसला जायचे आहे त्यांनी अवश्य जावे. डेलॉसला गेल्यावर तेथील शिस्त डोळसपणे पाहावी. पण त्याआधी एखाद्या रविवारी मुलांना आणि आजी-आजोबांना घेऊन पळसदेवच्या काठावर जावे. बुडालेल्या गावातील एखादे वृद्ध भेटले तर त्यांच्याकडून जुन्या गावाच्या, यात्रेच्या आठवणी ऐकून मुलांना वहीत लिहून घ्यायला लावाव्यात. शाखांनी आणि शाळांनी आपल्या सहलींत हे स्थान जोडून घ्यावे. जुने गाव डोळ्यांनी पाहिलेली पिढी आता थकत चालली आहे. हे काम येत्या उन्हाळ्यातच हाती घेतलेले बरे.