अंदाज बांधू नका, बाई!

लग्न, बाळंतपण, देवदर्शन आणि दवाखाना. आपल्या नांदेड-लातूरकडे बाईनं चार रात्री घराबाहेर राहायचं तर ही एवढीच कारणं चालतात. तुळजापूर म्हणा, माहूर म्हणा, कुणी अडवत नाही. लेकीच्या बाळंतपणाला पुण्यात महिनाभर राहिलात तरी हरकत नसते, उलट गेला नाहीत तरच बोलणी बसतात. पण 'नाच शिकायला चाललेय' असं एकदा घरात सांगून बघा!

आम्ही पाचजणींनी सांगून बघितलं. गेल्या हिवाळ्यात गोव्यात फक्त बायकांसाठी चार दिवसांची एक नृत्य-सहल होती आणि तिथं शिकवणार होते अर्जेंटिनाचा टँगो. दोघी नांदेडच्या, तिघी लातूरच्या; सगळ्यात लहान अडतीसची, सगळ्यात मोठ्या काकू एकसष्टच्या. "या वयात आता काय नाचायलीस?" हा प्रश्न पाच घरांत जवळजवळ त्याच शब्दांत विचारला गेला. एकीनं तर मंगेशीच्या दर्शनाला जातेय असं सांगून सुटका करून घेतली. (मंगेशीला गेलो आम्ही. खोटं नको.)

बायकांच्या सहली आता नव्या राहिलेल्या नाहीत. केसरी, वीणा वर्ल्ड अशा कंपन्यांनी खास बायकांच्या सहली काढल्या आणि त्या भरूनही जातात. 2021 मध्ये 'झिम्मा' सिनेमा आला. इंग्लंडला निघालेल्या सात बायकांची ती गोष्ट बघायला आपल्याकडच्या बायकाही घोळक्यानं गेल्या. पण तिथं बघायचं असतं, फिरायचं असतं, फोटो काढायचे असतात. चार दिवस एकाच खोलीत एकच गोष्ट शिकायची, तीही पोरांच्या, सासरच्या किंवा पगाराच्या काडीच्या उपयोगाची नसलेली, हे जरा वेगळं. उपयोग सांगायचाच तर सांगता येईल. पार्किन्सनच्या रुग्णांना तोल सावरायला टँगोची मदत होते, असं अमेरिकेतल्या अभ्यासात दिसलं आहे. पण व्यायामाचं निमित्त मला पुढं करायचं नाही. शिकावंसं वाटलं, एवढं कारण बाईला पुरायला काय हरकत आहे?

टँगो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं सिनेमातली बाई येते: लाल झगा, तोंडात गुलाब. तिला विसरा. हा नाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्यूनस आयर्स आणि माँटेव्हिडिओ या बंदरांच्या शहरांत, गरिबांच्या वस्त्यांत वाढला. युरोपातून पोट भरायला आलेले लोक, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज, गावाकडचे मजूर असे सगळे तिथं एकत्र आले होते. त्यात बायका कमी, म्हणून पुरुष पुरुषांबरोबरच सराव करत. टँगोचा सूर ज्याच्यावर धरतात तो बँडोनिऑन जर्मनीतून आला. आपली पेटी जशी युरोपातून येऊन भजनात बसली, तसंच हे. घरंदाज लोक मात्र टँगोला नाकं मुरडत. पहिल्या महायुद्धाच्या आधी पॅरिसनं तो डोक्यावर घेतला, तेव्हा कुठं ब्यूनस आयर्सच्या बड्या घरांना तो आपला वाटायला लागला. 2009 मध्ये युनेस्कोनं तो जगाचा सांस्कृतिक वारसा म्हणून नोंदवला.

आपल्याला ही गोष्ट ओळखीची वाटेल. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत लावणी महोत्सव होतो. लावणी आपल्या मराठीचं वैभव, असं भाषणात सगळे म्हणतात. पण 'आमची मुलगी लावणी शिकते' असं आपल्यापैकी किती घरांत मोकळेपणानं सांगतात?

तर पहिला अख्खा दिवस आम्ही फक्त चाललो. हो, चाललो! एका वेळी एकाच पायावर वजन, दुसरा पाय मोकळा, आणि मग पुढचं पाऊल. पन्नास वर्षं चालणाऱ्या बायकांना चालायला शिकवतात म्हणजे काय, असं काकू पुटपुटल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्या पोटऱ्या बोलायला लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी जोड्या झाल्या. टँगोत एक जण पुढाकार घेतो, दुसरा त्याला साथ देतो. एरवी पुढाकार पुरुषाचा असतो. इथं सगळ्या बायकाच, त्यामुळं दोन्ही कामं आळीपाळीनं करायची. आम्हाला वाटलं, साथ देणं तर सोपं! जन्मभर दुसरं केलं काय? आणि नेमकं तिथंच घोडं अडलं. शिकवणाऱ्या मॅडम प्रत्येक जोडीपाशी येऊन एकच वाक्य म्हणायच्या, "अंदाज बांधू नका. थांबा. समोरचीचं वजन कुठं जातंय ते कळू द्या, मग पाऊल उचला." पण आमचे पाय आधीच उचललेले! समोरचीनं विचार करायच्या आत आम्ही मागं सरकलेल्या.

मैत्रिणींनो, हे वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. त्यांनी मागायच्या आत चहा समोर. सासूबाईंनी म्हणायच्या आत गोळी आणि पाण्याचा ग्लास. कुणाच्या कपाळाला आठी पडायच्या आत विषय बदललेला. ज्याला आपण संसार जमणं म्हणतो, त्यातला निम्मा भाग हा अंदाज असतो आणि त्याचं कौतुकही होतं. टँगोत तीच चूक धरतात. कारण अंदाजानं पाऊल टाकणारी बाई समोरचीचं ऐकतच नसते, ती नुसती घाबरून तयार असते. साथ देणारीनं आपल्या पायावर पक्कं उभं राहायचं, थांबायचं, आणि पाऊल टाकताना तिचा वेळ ती घेणार. पुढाकार घेणारीनं तेवढं थांबायचं. ढकलायचं नाही, ओढायचं नाही. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर 'पुस्तकी बोलणं' म्हणून मी सोडून दिलं असतं.

पुढाकाराची पाळी आली तेव्हा तर गंमतच. आमच्यातल्या एक ताई शाळेत मुख्याध्यापिका आहेत, दीडशे पोरं एका आवाजात गप्प करतात. त्या म्हणाल्या, "कुठं जायचं ते मीच ठरवायचं? मला तर काही सुचंना गेलं." पाच मिनिटं त्या जागच्या जागी उभ्या. मग एक पाऊल, मग दुसरं. तिसऱ्या दिवशी त्या हॉलभर फिरत होत्या आणि जोडीदारीण बदलायला तयार नव्हत्या!

टँगोच्या मैफलीचे रिवाजही मला फार आवडले. नाचायला बोलवायचं ते नजरेनं आणि मान हलवून. नको असेल तर नजर दुसरीकडे वळवायची, विषय संपला. कुणी रुसत नाही, कारण सांगावं लागत नाही. तीन-चार गाण्यांचा एक संच असतो, तो संपला की जोडी मोकळी. मध्येच थांबायचं असेल तर नुसतं 'धन्यवाद' म्हणायचं. नकाराची एवढी सोपी सोय आपल्याकडे कुठल्या कार्यक्रमात आहे, सांगा.

आता कुणी म्हणेल, परदेशी नाच कशाला, आपली फुगडी काय वाईट? अजिबात नाही. पंचमीला, महालक्ष्म्यांच्या वेळी आपण फुगडी खेळतो तेव्हा दोघी मागं झुकून एकमेकींच्या हातांवर वजन टाकतो. एकीनं हात सोडला तर दुसरी आपटणार. टँगोच्या एका पद्धतीत दोघी तशाच झुकतात, फक्त पुढं. काकूंना चौथ्या दिवशी तो तोल सगळ्यात लवकर सापडला तो फुगडीमुळंच. माझी तक्रार वेगळी आहे. फुगडी वर्षातून दोनदा, तीही सण म्हणून. पन्नाशीतल्या बाईला एरवी, साध्या मंगळवारी, नाच शिकायचा असेल तर आपल्या गावात जागा कुठं आहे? क्लास आहेत ते पोरांचे, नाहीतर लग्नातल्या संगीताची तयारी करून घेणारे.

पैशाचा मुद्दा खरा आहे. गोव्याची सहल प्रत्येकीला झेपणार नाही आणि झेपावीच असंही नाही. पण मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, आणि आपल्याकडची मंगल कार्यालयं लग्नाची तिथ नसली की रिकामीच असतात. दहा-बाराजणींनी मिळून पुण्या-मुंबईहून शिकवणारी बाई चार दिवस बोलावली, तर खर्च वाटून जातो. टँगोच हवा असंही नाही. लावणी शिका, कथक शिका. फक्त महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाच्या नावाखाली नको, स्वतःसाठी शिका.

लातूरला आम्ही तिघींनी सुरुवात केली होती, आता सातजणी झालोत. एकीच्या घराची गच्ची, वेळ दुपारी तीन ते साडेचार, कारण नंतर शाळा सुटतात. नळाला पाणी येणार असेल त्या दिवशी सुट्टी. मुख्याध्यापिका ताई रविवारी येतात. शेजारच्या गच्चीवरून दोन सुना बघत असतात. गेल्या आठवड्यात त्यातल्या एकीनं विचारलं, "चप्पल काढून यायचं का घालून?"