रक्तातली साखर आणि घराचा पत्ता

मधुमेह का झाला, असे विचारले तर डॉक्टर आहार, व्यायाम, आनुवंशिकता, ताणतणाव अशी कारणे सांगतात. रुग्ण राहतो कुठे, ही बाब केसपेपरवर पत्त्याच्या रकान्यापुरतीच उरते. ती कारणांच्या यादीत असायला हवी, याचा सर्वांत भक्कम पुरावा अमेरिकेत एका सोडतीतून मिळाला.

१९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथील अतिगरीब वस्त्यांमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांची ही सोडत. बहुतेक कुटुंबे कृष्णवर्णीय किंवा हिस्पॅनिक. अनेक घरांत आई एकटीच कमावणारी. काहींना घरभाड्याचे व्हाउचर मिळाले, पण दहा टक्क्यांहून कमी गरिबी असलेल्या भागातच घर घेण्याच्या अटीवर. काहींना तशी अट नव्हती आणि उरलेल्यांना व्हाउचरच नव्हते. चांगल्या वस्तीतले लोक निरोगी असतात, असे म्हटले की ‘मुळात सुस्थितीतलेच तिथे जातात’ हे उत्तर ठरलेले असते. सोडतीने ती पळवाट बंद केली. नव्या औषधाच्या चाचणीतही रुग्णांचे गट असेच नशिबावर पाडतात.

दहा ते पंधरा वर्षांनी संशोधकांनी या कुटुंबांतील स्त्रियांची वजने घेतली, रक्त तपासले. व्हाउचर न मिळालेल्या गटात साधारण पाचांतील एकीची साखर मधुमेहाच्या पातळीवर होती. अटीचे व्हाउचर मिळालेल्या गटात शंभरामागे चार स्त्रिया कमी निघाल्या. तीव्र लठ्ठपणाही कमी होता. या गटातल्या जवळपास निम्म्या कुटुंबांनी व्हाउचर वापरून घर बदललेच नव्हते, तरीही हा फरक दिसला. कोणी आहाराचा तक्ता दिला नव्हता की गोळ्या. या स्त्रियांची कमाईही वाढली नव्हती.

मुलांचे चित्र इतके सरळ नाही. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की तेराव्या वर्षाआधी कमी गरिबीच्या वस्तीत गेलेली मुले पंचविशीच्या सुमारास ३१ टक्के अधिक कमावत होती. त्यानंतर गेलेल्यांना लाभ झाला नाही, उलट थोडा तोटाच झाला. मुलींचे मानसिक आरोग्य सुधारले, मुलग्यांत मात्र नैराश्य वाढलेले आढळले. शाळेतल्या गुणांतही फारसा फरक पडला नाही. घर बदलले तरी अनेकांची शाळा फारशी चांगली नव्हती, हे त्यामागचे एक कारण. अमेरिकेत शाळांच्या खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरे स्वस्त तिथे शाळाही ओढग्रस्त.

आणि घरे स्वस्त का, याचे उत्तर केवळ बाजारात शोधून चालणार नाही. १९३० च्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल, म्हणजे कर्जासाठी धोकादायक. कर्ज आणि सरकारी हमी तिथून दूर राहिली. घरविक्रीतल्या वर्णभेदावर १९६८ मध्ये कायद्याने बंदी आली, पण नकाशाचे रंग पुसले गेले नाहीत. २०२० मधील एका अभ्यासात १०८ शहरांपैकी ९४ टक्के शहरांत लाल भाग इतरांपेक्षा उन्हाळ्यात अधिक तापलेले आढळले, सरासरी फरक २.६ अंश सेल्सिअस. झाडे कमी, डांबर जास्त. कॅलिफोर्नियातील आठ शहरांत अशा भागांतून दम्यासाठी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात येणाऱ्यांचे प्रमाण सर्वोत्तम ठरवलेल्या भागांच्या दुपटीहून अधिक होते.

सगळ्यांनाच उचलून दुसरीकडे नेता येणार नाही, हे उघड आहे. मागे उरणाऱ्या वस्तीला झाडे, दवाखाना आणि धड शाळा लागणारच. पण व्हाउचर कोणाला आधी द्यावे, एवढे तरी या प्रयोगाने स्पष्ट केले आहे: लहान मुलांच्या आईला. प्रत्यक्षात भाडेसाहाय्यास पात्र असलेल्या चारांपैकी साधारण एकाच कुटुंबाला ते मिळते आणि ज्या राज्यांत मनाई करणारा कायदा नाही तिथे घरमालक व्हाउचर नाकारूही शकतो. अनेक शहरांत प्रतीक्षायादीत वर्षेच्या वर्षे जातात. नाव नोंदवताना सात वर्षांचे असलेले मूल, पाळी येईपर्यंत चौदाचे झालेले असते.